बुटके सिक्लिड मासे : जलजीवालयातील प्रजनन

सिक्लिडी या मत्स्यकुलातील ज्या जाती पूर्ण वाढ झाल्यावरही साधारणपणे १० सेंमी. पेक्षा अधिक लांब होत नाहीत, त्यांना शोभिवंत मासे पाळणाऱ्यांच्या व्यवहारात बुटके सिक्लिड असे म्हणतात. ही संज्ञा वर्गीकरणातील नव्हे. परस्परांशी दूरचा संबंध असलेल्या निरनिराळ्या वंशांतील लहान मासे तिच्याखाली एकत्र आलेले आहेत. दक्षिण अमेरिकेतील ॲपिस्टोग्रामा, मिक्रोजिओफॅगस, नॅनाकारा व डायक्रॉसस, पश्चिम आफ्रिकेतील पेल्व्हिकॅक्रोमिस आणि पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात शंखांमध्ये राहणाऱ्या काही जाती हे त्यांतील प्रमुख होत. सिक्लिडी कुलाचा समावेश पूर्वी पर्सिफॉर्मीस गणात करीत. अलीकडे त्यासाठी सिक्लिफॉर्मीस हा स्वतंत्र गण मानतात. या कुलात १,७०० हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. मुस्कटाच्या प्रत्येक बाजूस सामान्यतः एकच नाकपुडी आणि मध्ये तुटलेली पार्श्वरेखा (पाण्यातील कंप जाणणाऱ्या संवेदनाग्रांची शरीराच्या बाजूवरील ओळ) या लक्षणांवरून हे मासे ओळखता येतात. ॲपिस्टोग्रामा या वंशनामाचा अर्थच ‘बेभरवशाची रेषा’ असा आहे.

भारतात या कुलाचे मोजकेच मूळ प्रतिनिधी आहेत. गोव्यात काळुंदर व केरळात करीमीन म्हणून आवडीने खाल्ला जाणारा इट्रोप्लस सुरॅटेन्सिस हा त्यांपैकी सर्वांत परिचित. त्याचा लहान व नारिंगी छटेचा आप्त स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस हा ८ सेंमी. च्या आसपास वाढतो, तथापि त्याची गणना प्रघाताने बुटक्या सिक्लिडांत करीत नाहीत. या माशाची पिले आईबापांच्या अंगावरील श्लेष्म (बुळबुळीत स्राव) टिपून खातात आणि आईबाप पोटाखालचे पर फडकावून पिलांना जवळ बोलावतात, हे १९६० नंतरच्या दशकात झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. सिक्लिड माशांच्या प्रजननाचे मर्म या एका उदाहरणात दिसते. बहुसंख्य मासे अंडी सोडून निघून जातात. सिक्लिड मासे अंड्यांची व पिलांची राखण करतात. त्यामुळे या माशांच्या बाबतीत नुसती अंडी मिळविणे म्हणजे प्रजनन नव्हे. अंडी घालण्यापासून पिले स्वतंत्र होईपर्यंतचे सर्व चक्र आईबापांकडून पुरे होणे आणि निपजलेल्या पिढीत नर व माद्या यांचे प्रमाण असे असणे की तिच्यापासून पुढची पिढी निघेल, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच ते सफल झाले असे म्हणता येते. घरगुती पेटीत पहिली गोष्ट पालकाच्या अतिउत्साहाने बिघडते व दुसरी उष्णतेने.

पुढील विवेचनात काकाकुवा सिक्लिड (ॲपिस्टोग्रामा कॅकाटुऑयडिस) ही जाती मुख्यत्वे डोळ्यांपुढे ठेवली आहे. ती या गटातील इतर अनेक जातींपेक्षा काटक असून नवशिक्या पालकासही तिच्यापासून पिले मिळू शकतात. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्याच्या पश्चिम भागात, पेरू, कोलंबिया व लगतच्या ब्राझीलमध्ये ती आढळते. हूडेमन यांनी १९५१ मध्ये तिचे वर्णन केले. नराच्या पृष्ठपक्षाचे (पाठीवरील पराचे) पुढचे काटे लांब होऊन काकाकुवाच्या तुऱ्यासारखे दिसतात, त्यावरून हे नाव पडले. व्यापारात मात्र ती कित्येक वर्षे बोरेली या दुसऱ्याच जातीच्या नावाने ओळखली जात असे. या वंशाची पुनर्तपासणी स्वीडिश मत्स्यशास्त्रज्ञ स्वेन कुलांडर यांनी १९८० मध्ये केल्यानंतर असे अनेक घोटाळे निस्तरले. नराची लांबी सु. ८ सेंमी. व मादीची सु. ५ सेंमी. असते. नर बहुपत्नीक असून त्याच्या मोठ्या क्षेत्रात प्रत्येक मादी आपले लहान क्षेत्र राखून असते.

पेटीची रचना : एका जोडीसाठी ६० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व तितकीच उंच (सु. ५४ लि.) पेटी पुरते. एका नरासोबत दोन-तीन माद्या ठेवावयाच्या असल्यास लांबी एक मीटरच्या आसपास असावी. या माशांच्या दृष्टीने पेटीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे असते, कारण त्यांचे सर्व आयुष्य तळाशी जाते. तळाशी बारीक, कडा नसलेली वाळू पसरतात. हे मासे वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकीत अन्नकण वेचतात, त्यामुळे दुकानात मिळणारी रंगीत व टोकदार खडी त्यांना घातक असते. वाळूवर वाळक्या पानांचा थर, लाकडाची मुळे आणि जलवनस्पतींचे दाट पुंजके असावेत. एका टोकाला उभ्या असलेल्या माशाला दुसरे टोक दिसू नये, हा रचनेचा साधा निकष होय. हाकलल्या गेलेल्या माशाचा जीव अशा आडोशामुळेच वाचतो.

अंडी घालण्यासाठी मादीला गुहा लागते. नारळाची करवंटी पालथी घालून तिच्या कडेला मादी जेमतेम शिरू शकेल एवढे, सु. २.५ ते ३ सेंमी. चे भोक पाडले की उत्तम गुहा तयार होते. करवंटी आधी खोबऱ्याचा अंशही न ठेवता खरवडून, उकळून घ्यावी लागते. संक्रांतीचे बिनरंगी सुगड आडवे पुरले तरी चालते. माद्यांच्या संख्येपेक्षा गुहांची संख्या अधिक ठेवावी व त्यांची तोंडे एकमेकींकडे नसावीत. गाळणी स्पंजाची वापरतात. जोराने पाणी खेचणारी गाळणी पिलांना ओढून घेते. प्रकाश मंद असावा. पृष्ठभागाजवळ वावरणारे पाच-सहा पेन्सिल मासे (नॅनोस्टोमस) सोबत ठेवल्यास बुटके सिक्लिड अधिक निर्धास्तपणे बाहेर येतात. भोवतालचे लहान मासे निवांत आहेत, म्हणजे धोका नाही, असा बोध त्यांना होत असावा. पेटी चाटून स्वच्छ करणारे मार्जारमीन मात्र या पेटीत ठेवू नयेत, कारण ते रात्री गुहेत शिरून अंडी फस्त करतात.

पाणी : प्रजननातील बहुतेक अपयशांचे मूळ पाण्यात असते. ॲपिस्टोग्रामा वंशाच्या पुष्कळ जाती पावसाच्या पाण्यासारख्या सुफेन (क्षार फार कमी असलेल्या), अम्लधर्मी आणि कुजणाऱ्या पानांमुळे चहाच्या रंगाच्या झालेल्या ओढ्यांत राहतात. दुष्फेन (कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे अधिक असलेल्या) पाण्यात प्रौढ मासे वर्षानुवर्षे धडधाकट राहतात आणि अंडीही घालतात, पण ती अंडी फुटत नाहीत किंवा त्यांवर बुरशी चढते. मासे निरोगी असूनही पिले का होत नाहीत, या तक्रारीचे उत्तर बहुधा येथे सापडते. काकाकुवा सिक्लिड या बाबतीत सहनशील आहे. पीएच मूल्य (पाण्याची अम्लता वा क्षारता दर्शविणारा अंक) ६ ते ७ आणि एकूण दुष्फेनता दर लिटरला १०० मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा कमी असली म्हणजे तिची अंडी सामान्यतः व्यवस्थित फुटतात.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी बहुतेक ठिकाणी या कामासाठी फार दुष्फेन असते. याउलट मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा इ. जलाशयांतून मिळणारे पाणी सुफेन आहे, तसेच कोकण व गोव्यातील जांभ्या दगडाच्या प्रदेशातील अनेक विहिरींचे पाणी सुफेन व किंचित अम्लधर्मी असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन हवा सोडून व एक-दोन दिवस उघड्यावर ठेवून घालवता येतो. ज्यांना सोईचे पाणी उपलब्ध नाही त्यांनी पावसाळ्यातील पहिल्या काही सरी वाया जाऊ देऊन नंतरचे पाणी स्वच्छ छपरावरून साठवावे, किंवा उलट-तर्षण (दाब देऊन पाणी सूक्ष्मरंध्री पटलातून गाळण्याची क्रिया) यंत्राचे पाणी घ्यावे. यांपैकी कोणतेही पाणी निव्वळ वापरू नये. थोडे साधे पाणी त्यात मिसळल्याने पीएच मूल्य एकदम घसरत नाही. दुष्फेन पाण्यात आम्ल ओतून पीएच मूल्य उतरविण्याचा प्रघात सर्वथा गैर आहे. पाण्यातील कार्बोनेटे संपेपर्यंत मूल्य पुनःपुन्हा पूर्वपदावर येते व ती संपताच कोसळते, आणि कॅल्शियम तर जेथल्या तेथेच राहते.

पाण्याला रंग व सौम्य अम्लता आणण्यासाठी देशी बदामाची (टर्मिनॅलिया कटाप्पा) झाडावरून पिकून गळलेली व पूर्ण वाळलेली पाने जगभरचे पालक वापरतात. मुंबईच्या रस्त्यांवर व कोकणाच्या किनाऱ्यावर ती हवी तेवढी पडलेली असतात, याची जाणीव येथील पालकांना फारशी नसते. पानांतील टॅनिने व ह्यूमिक द्रव्ये पाण्यात उतरतात आणि पानांवर वाढणारे सूक्ष्मजीव पिलांचे पहिले अन्न होतात. रहदारीच्या रस्त्यावरील, धूळ व धुरात माखलेली पाने मात्र घेऊ नयेत.

अम्लधर्मी पाण्यातील एक धोका सहसा ध्यानात येत नाही. माशांच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यांपैकी अमोनियम हे आयन (विद्युत् भारित) रूप बरेचसे निरुपद्रवी असते व मुक्त अमोनिया विषारी असतो. २५° से. तापमानास पीएच मूल्य ७ असताना एकूण अमोनियाचा सु. ०.६% भाग मुक्त रूपात असतो, तर मूल्य ८ असताना तोच सु. ५% होतो. अम्लधर्मी पाण्यात अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचे कार्य मंदावलेले असल्याने अमोनियम साचत जाते, पण मासे मजेत दिसतात. अशा वेळी पालकाने एकदम बरेचसे क्षारधर्मी नळाचे पाणी ओतले, तर साचलेल्या अमोनियमचे मुक्त अमोनियात रूपांतर होऊन एका रात्रीत पिलांचा सर्वनाश होतो. म्हणून पाणी थोडे थोडे व वारंवार, दर आठवड्यास एकपंचमांश ते एकचतुर्थांश या प्रमाणात बदलावे आणि नवे पाणी जुन्यासारखेच असावे.

अंडी घालणे व अपत्यसंगोपन : जोडीला दोन-तीन आठवडे जिवंत अन्न भरपूर दिले असता मादी अंडी घालण्यास तयार होते. डासांच्या अळ्या, डॅफ्निया व आर्टेमिया हे अन्न उत्तम. गटारांतून गोळा होणारे ट्यूबिफेक्स कृमी मात्र रोगजंतू घेऊन येतात, म्हणून ते टाळलेले बरे. तापमान २५° ते २७° से. राखतात. तयार झालेल्या मादीचे पोट फुगते, अंगावर पिवळा रंग चढू लागतो आणि ती शरीर वाकवून नरापुढे थरथरत त्याला गुहेकडे नेते. मादी गुहेच्या छताला पाठ खाली व पोट वर अशा उलट्या स्थितीत अंडी चिकटविते. नर गुहेत शिरून किंवा तोंडाशीच राहून त्यांचे निषेचन करतो. अंडी पिवळट ते तांबूस, लंबगोल व साधारणपणे ६० ते १०० असतात.

यानंतर मादीचे सारे रूपच पालटते. तिचा रंग लिंबासारखा पिवळाधमक होतो आणि त्यावर काळ्या खुणा व पट्टे ठळक उमटतात. ती गुहा क्वचितच सोडते, परांनी अंड्यांवर पाणी खेळते ठेवते, तोंडाने अंडी साफ करते आणि पांढरी पडलेली निर्जीव अंडी वेचून टाकते. नराला आता गुहेजवळ फिरकू दिले जात नाही. नराच्या निम्म्याएवढी मादी त्याला पेटीच्या कोपऱ्यात दाबून ठेवते आणि त्याचे पर फाडते, हे दृश्य नेहमीचे आहे. प्रशस्त पेटीत नर बाहेरच्या सीमेची राखण करतो व त्याचा उपयोग होतो. लहान पेटीत मात्र त्याला दुसरीकडे हलविणे प्राप्त होते. पण हलवायचे ते नरालाच, अंड्यांना किंवा मादीला नव्हे.

२६° से. च्या सुमारास अंडी साधारणतः तीन दिवसांत फुटतात. बाहेर पडलेले जीव शेपटी वळवळीत पडून राहतात. त्यांना पोहता येत नाही व तोंडाने खाताही येत नाही. पोटाशी असलेल्या पीतकावर (अंड्यातील पोषक द्रव्यावर) त्यांचे आणखी चार-पाच दिवस निभतात. या काळात मादी त्यांना तोंडात धरून एका खळग्यातून दुसऱ्यात हलविते. गुहा रिकामी दिसली की पिले खाल्ली गेली असे समजून पालक करवंटी उचलून पाहतो आणि मादी बिथरून खरोखरच ती खाते. अंडी घातल्यापासून आठ-दहा दिवस गुहेला हात न लावणे व विजेरीचा झोत आत न टाकणे, याहून मोठी मदत पालक करू शकत नाही.

पिले पोहू लागली की मादी त्यांचा थवा घेऊन बाहेर पडते. धोका दिसताच ती श्रोणिपक्षांची (पोटाखालील परांची) झटक्याने हालचाल करते आणि सबंध थवा क्षणात तळाशी बसून वाळूच्या रंगात मिसळून जातो. आईच्या रंगरूपाकडे ओढले जाण्याची प्रवृत्ती बुटक्या सिक्लिडांच्या पिलांत बऱ्याच अंशी उपजत असते. जर्मनीत पेटर क्युन्त्सर यांनी १९६० नंतरच्या दशकात नॅनाकारा ॲनोमाला व ॲपिस्टोग्रामा या माशांवर यासंबंधी प्रयोग केले. संध्याकाळी मादी थव्याला गुहेत परत नेते. मागे राहिलेल्या पिलांना ती तोंडात घेऊन आणून सोडते. हे संगोपन कित्येक आठवडे चालते. ते संपत आल्याची खूण म्हणजे मादीचा पिवळा रंग ओसरणे. त्यानंतर पिले वेगळी करावीत, कारण नव्या अंड्यांच्या वेळी जुनी पिले तिला शत्रू वाटू लागतात.

पहिल्या एक-दोन वेळा तरुण माद्या अंडी खाऊन टाकतात. अंड्यांचे निषेचन झालेले नसणे, पेटीत गडबड असणे किंवा अनुभव नसणे ही त्यामागील कारणे असतात. दोन-तीन आठवड्यांत त्या पुन्हा अंडी घालतात व बहुतेक माद्या तिसऱ्या खेपेपर्यंत सुधारतात. मधल्या काळात अधीर पालक गुहा उचलून वेगळ्या भांड्यात ठेवतात, पाण्यात मेथिलीन ब्ल्यूचे थेंब टाकून व हवेचा झोत सोडून अंडी कृत्रिम रीतीने फोडतात. एखादा दुर्मिळ वाण नष्ट होण्याच्या बेतात असेल तर हा उपाय समर्थनीय आहे. नेहमीची पद्धत म्हणून तो अनिष्ट होय. स्वतःची अंडी खाणाऱ्या मादीचा वंश निसर्गात तेथेच खुंटतो, पण कृत्रिम पद्धतीत तो उत्तम मादीच्या वंशाइतकाच वाढतो. काही पिढ्या असे झाल्यास मासे दिसायला देखणे, पण पिले सांभाळण्यास नालायक निघू लागतात, ही अनुभवी पालकांची तक्रार अग्राह्य म्हणता येत नाही. मोठ्या प्रमाणावर पैदास होणाऱ्या रॅमिरेझाय या माशाच्या बाबतीत ती विशेष ऐकू येते.

पिलांचे अन्न : ॲपिस्टोग्रामाची पिले पहिल्याच दिवशी आर्टेमियाचे नुकतेच फुटलेले डिंभ (अळीसारखी बाल्यावस्था) खाऊ शकतात, ही मोठी सोय आहे. आर्टेमियाची वाळलेली पुटीयुक्त अंडी अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरावरून जगभर जातात. एक लिटर पाण्यात सु. २५ ग्रॅ. जाडे मीठ विरघळवून, हवा खेळती ठेवून २६° ते २८° से. तापमानास ती २४ ते ३६ तासांत फुटतात. डिंभ फडक्यातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन दिवसातून दोन-तीन वेळा द्यावेत. पिलांची पोटे नारिंगी दिसू लागली म्हणजे ती खात आहेत हे कळते. ज्या जातींची पिले अधिक लहान असतात त्यांना सुरुवातीस सूक्ष्मजीव किंवा पिठावर वाढविलेले सूत्रकृमी देतात. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून देण्याची जुनी रीत अजून सांगितली जाते, पण बलक पिलांच्या पोटात जाण्यापेक्षा पाणी नासविण्याचे काम अधिक करतो. नर-मादी यांतील फरक सामान्यतः तिसऱ्या महिन्यानंतर ओळखता येतो व पाच-सहा महिन्यांत मासे प्रजननक्षम होतात.

तापमान व लिंगनिश्चिती : येथपर्यंत सर्व सुरळीत पार पडले तरी तीन-चार महिन्यांनी पालकाच्या लक्षात येते, की निपजलेली पिले जवळजवळ सगळीच नर आहेत. याचे कारण आनुवंशिक दोष नव्हे. १९८५ मध्ये डेव्हिड रुबिन यांनी काही सिक्लिड माशांत अम्लधर्मी पाण्यात नरांचे प्रमाण वाढते असे दाखविले होते. १९९६ मध्ये ऊवे र्‍योमर व व्होल्फगांग बाइझेनहेर्ट्स यांनी ॲपिस्टोग्रामा वंशाच्या तीसहून अधिक जातींवर केलेल्या विस्तृत प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांवरून बहुतेक जातींत पिलांचे लिंग ठरविण्यात तापमानाचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. कमी तापमानात, सु. २३° से. ला, माद्या अधिक होतात, सु. २९° से. ला नर अधिक होतात आणि दोहोंच्या मध्ये प्रमाण बरेचसे समतोल असते. हा परिणाम अंडी घालण्याच्या क्षणापुरता नसून पिलांच्या पहिल्या काही आठवड्यांतील तापमानावर अवलंबून असतो.

उष्ण प्रदेशातील पालकाच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व फार आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत पाणी तापविण्याच्या साधनांची सविस्तर माहिती असते. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पेटीचे पाणी आपोआप ३२° से. च्या वर जाते, त्याची तीत दखल नसते. अशा दिवसांत वाढविलेल्या पिलांत माद्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतात. त्या एक-दोन माद्यांवर सगळे नर तुटून पडतात व त्या मेल्या की तो वाण तेथेच संपतो. कितीतरी पालकांकडील वाण पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीत नाहीसे होतात त्यामागे रोगापेक्षा हे कारण अधिक संभवनीय आहे. यावर उपाय सोपा आहे. पैदाशीचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा धरावा आणि उन्हाळ्यात जोड्या वेगळ्या ठेवाव्यात. उन्हाळ्यातच पिले झाली तर झाकण काढून, त्याऐवजी जाळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते त्याच तत्त्वाने, म्हणजे बाष्पीभवनाने, तापमान दोन-तीन अंश उतरते. कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो. कोकणच्या दमट हवेत त्याचा गुण कमी येतो. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याची भर घालताना शक्य तितके क्षाररहित पाणी वापरावे, अन्यथा क्षार साचत जातात. याच्या उलट पुणे-नाशिककडील थंडीत रात्री तापमान २०° से. च्या जवळ घसरत असल्याने तेथे तापक लागतोच. मुद्दाम कमी तापमान राखून केवळ माद्या मिळविण्याचा हव्यासही उपयोगाचा नाही. तापमान २५° ते २६° से. राखणे श्रेयस्कर.

इतर जाती : पश्चिम आफ्रिकेतील, मुख्यतः नायजेरियातील क्रिबेन्सिस (पेल्व्हिकॅक्रोमिस पल्कर) हा या गटातील सर्वांत सुलभ मासा होय. यात मादी नराहून लहान असली तरी तिच्या पोटावरील गुलाबी-जांभळ्या रंगामुळे ती अधिक आकर्षक दिसते व प्रियाराधनात पुढाकारही तिचाच असतो. जोडी एकनिष्ठ असून आई व बाप दोघेही पिले सांभाळतात, त्यामुळे नराला काढण्याची गरज सहसा पडत नाही. या जातीत पीएच मूल्याचा लिंगप्रमाणावर परिणाम होतो. अम्लधर्मी पाण्यात नर अधिक निपजतात. म्हणून पीएच मूल्य ७ च्या जवळ ठेवणे सोईचे असते.

रॅमिरेझाय (मिक्रोजिओफॅगस रॅमिरेझाय) हा व्हेनेझुएला व कोलंबिया या देशांतील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील गवताळ प्रदेशाचा रहिवासी. मायर्स व हॅरी यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन केले. तो गुहेत न जाता सपाट दगडावर किंवा वाळूतील खळग्यात उघड्यावर अंडी घालतो व आईबाप दोघे मिळून राखण करतात. त्याला २७° ते ३०° से. इतके ऊबदार, फार सुफेन व अम्लधर्मी पाणी लागते. उष्ण हवेत खऱ्या अर्थाने सोईचा असा हाच एक बुटका सिक्लिड म्हणता येईल. तथापि पाण्यातील अस्वच्छता त्याला मुळीच खपत नाही आणि व्यापारी पैदाशीतून आलेले मासे अल्पायुषी असतात.

टांगानिका सरोवरातील शंखवासी सिक्लिडांच्या गरजा वर वर्णिलेल्यांच्या नेमक्या उलट आहेत. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस हा त्यांपैकी अगदी लहान. नर ५ सेंमी. पेक्षाही कमी लांब असतो. निओथॉमा या गोगलगायीच्या रिकाम्या शंखांत तो राहतो व तेथेच अंडी घालतो. सरोवराचे पाणी दुष्फेन व क्षारधर्मी असून पीएच मूल्य ८ ते ९ असते. ज्या दख्खनी विहिरींच्या पाण्यात ॲपिस्टोग्रामाची अंडी कुजतात, त्याच पाण्यात हे मासे समाधानाने वाढतात. पाणी बदलण्याचा खटाटोप करण्याऐवजी पाण्याजोगी जाती निवडणे हा मार्ग तेथील पालकांनी अधिक विचारात घ्यावयास हवा. गोगलगायीचे कोणतेही योग्य आकाराचे, स्वच्छ रिकामे शंख त्यांना चालतात. त्यांची पिले मोठी झाल्यावरही वसाहतीतच राहतात.

वाणांची शुद्धता : काकाकुवा सिक्लिडचे तांबड्या-नारिंगी परांचे वाण निवड पद्धतीने तयार केलेले आहेत, निसर्गातील मासे त्यांच्यापेक्षा बरेच फिके व करडे असतात. ॲपिस्टोग्रामा वंशातील वर्णन झालेल्या जातींची संख्या नव्वदीच्या पुढे गेली आहे आणि जवळच्या जातींच्या माद्या एकमेकींपासून ओळखणे तज्ज्ञासही कठीण जाते. एका पेटीत दोन जाती ठेवल्यास संकर होऊ शकतो व संकरज मासे शुद्ध म्हणून पुढे विकले जातात. यासाठी एका पेटीत एकच जाती ठेवावी आणि मासे दुसऱ्याला देताना जातीचे नाव, मूळ स्थळ ठाऊक असल्यास ते, तसेच पिले कोणत्या तापमानात व कोणत्या पाण्यात वाढविली याची नोंद सोबत द्यावी. अतिरिक्त पिले तळ्यात वा ओढ्यात सोडणे हा मात्र अक्षम्य प्रकार होय. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया (ओरिओक्रोमिस मोझांबिकस) हा सिक्लिडी कुलातीलच मासा असून देशातील जलाशयांत पसरून त्याने स्थानिक माशांच्या अन्नावर व विणीच्या जागांवर केलेले आक्रमण अद्याप मागे हटविता आलेले नाही.